चालताना बोलायचं नाही

टोपी बसवायला पंचवीस मिनिटं लागायची. कपाळाएवढी काळी रबरी पट्टी, तिला आतल्या बाजूने बारीक दिवे आणि तितकेच बारीक, उजेड टिपणारे डोळे. दिवा आणि कातडी यांच्यामध्ये एकही केस येता कामा नये, आणि खोलीतला उजेड आत शिरू नये म्हणून वरून काळं फडकं बांधायचं. बाबांना केस फारसे उरलेले नव्हते.

“टकलाचा एवढा मान मी आजवर कुठे पाहिला नव्हता,” ते पहिल्या दिवशी म्हणाले.

टोपी बसवणारी मुलगी हसली. ती अजून डॉक्टर नव्हती, त्यासाठी प्रबंध लिहीत होती. स्ट्रोकमधून सावरणाऱ्या माणसांचा मेंदू चालताना काय करतो, हा तिचा विषय. बाबांनी तिचं नाव लगेच टोपीवाली ठेवलं आणि तिच्या तोंडावरही तेच म्हणू लागले. ती त्यांना काका म्हणायची.

तिने सगळं नीट समजावून सांगितलं. दिव्यांचा प्रकाश कवटीतून थोडासा आत जातो, तिथल्या रक्ताला लागून परत येतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथे ताजं रक्त जास्त धावतं, आणि पडद्यावरची लाल रेघ वर चढते. “आपण चालतो ना काका, ते डोक्याच्या पुढच्या भागाला फारसं न विचारता. तो भाग दुसऱ्या कामांसाठी मोकळा असतो. बोलायला, हिशोब करायला, रस्ता ओलांडायला. स्ट्रोकनंतर मात्र प्रत्येक पावलाला त्यालाच हजर राहावं लागतं. मग दुसरं काम आलं की दोन्हीची ओढाताण होते.”

“म्हणजे शिकाऊ माणूस,” बाबा म्हणाले. “पहिल्या महिन्यात त्याला नुसतं नाव विचारा, गाडी बंद पाडतो. सहा महिन्यांनी तोच कोपर खिडकीबाहेर काढून गाणं म्हणतो.”

“माझी पन्नास पानं झालीत यावर,” टोपीवाली म्हणाली. “तुम्ही दोन वाक्यांत उरकलंत.”

बाबांनी एकतीस वर्षं लोकांना मोटार शिकवली. त्यांच्या गाडीत दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि एक त्यांच्या. स्ट्रोक मेंदूच्या उजव्या बाजूला झाला, त्यामुळे बोलणं वाचलं आणि डावा हात, डावा पाय गेला. हात बराचसा परत आला. पाय अर्धाच आला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचे, “क्लचचा पाय गेलाय. गिअर बदलायचा म्हणजे आता अर्ज करावा लागतो.”

मी हसायचे नाही. मला त्या पायाची भीती वाटायची.

प्रश्न साधा होता. माझी रजा महिनाअखेरीला संपत होती. मी दुसऱ्या गावी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. दोन वेळा वाढवून घेतलेली रजा तिसऱ्यांदा वाढणार नव्हती. बाबांना त्यांच्याच घरी राहायचं होतं, एकट्याने. फिजिओने सांगितलं होतं की टोपीवालीच्या तीन भेटी होऊ देत, मग मी ठरवतो. माणूस चालता चालता दुसरं काही करू शकतो का, विचारलं तर न थांबता उत्तर देऊ शकतो का, यावरून त्याला घरात एकटं ठेवायचं की नाही ते बरंचसं कळतं. जो उत्तर द्यायला थांबतो तो सांभाळून असतो. जो थांबत नाही आणि उत्तरही देऊ शकत नाही, तो पडतो. फिजिओ मोठ्या हाडाचा, मोजकं बोलणारा माणूस होता. ‘पडतो’ हा शब्द त्याने अगदी साधेपणाने उच्चारला. दुकानदार एखादी वस्तू संपली म्हणून सांगतो तसा.

पहिल्या भेटीत मी रुग्णालयातल्या कॉरिडॉरच्या टोकाला खुर्चीवर बसले होते. बारा मीटरची सरळ वाट, जमिनीवर पिवळी पट्टी, भिंतीला दांडा. बाबांच्या कमरेला जाड पट्टा आणि त्याचं टोक फिजिओच्या मुठीत. जमिनीलगत एक कॅमेरा, फक्त पावलं टिपणारा. आधी नुसतं चालायचं होतं. काठी, डावा, उजवा. काठी, डावा, उजवा. बाबा माझ्याकडे बघत आले आणि टोकाला पोचल्यावर त्यांनी मला सलाम ठोकला.

मग टोपीवाली म्हणाली, “आता चालताना शंभरातून तीन तीन वजा करत जायचं. मोठ्याने.”

“सत्त्याण्णव,” बाबा म्हणाले आणि एक पाऊल टाकलं. “चौऱ्याण्णव.” दुसरं पाऊल. मग डावा पाय पुढे जाता जाता बोटांवर अडकला, गुडघा आत वळला आणि पट्टा ताणला गेला. फिजिओने नुसती मूठ घट्ट केली. बाबा सरळ झाले. “एक्क्याण्णव,” ते उभ्या जागेवरून म्हणाले. आकडा बरोबर होता.

मी खुर्चीतून कधी उठले ते मला कळलं नाही. मी कॉरिडॉरच्या मध्यावर होते.

“ठीक आहे, ताई,” टोपीवाली म्हणाली. “बहुतेकांचं असंच होतं. सुरुवातीची पातळी कळायला हवी म्हणूनच करतो.”

घरी नेण्यासाठी तिने मला आठ पानी माहितीपत्रक दिलं. मी मागितल्यावर तीन शोधनिबंधही दिले. वाचणं हे माझं कामच आहे. मी ते पेन्सिल घेऊन दोनदा वाचले. माहितीपत्रकाच्या पाचव्या पानावर एक वाक्य होतं: सुरुवातीच्या काळात रुग्ण चालत असताना त्याच्याशी अनावश्यक बोलणं टाळावं. मी ‘सुरुवातीच्या काळात’ आणि ‘अनावश्यक’ हे शब्द वाचले नाहीत असं नाही. मी ते मनात ठेवले नाहीत.

इथे आईचं सांगायला हवं.

आठ महिन्यांपूर्वी मी चार दिवसांसाठी घरी आले होते. दुपारी बाहेरच्या खोलीत फोनवर बोलत होते, एका हरवलेल्या पुस्तकाबद्दल. कुणी नेलं, नोंद कुणी केली, असलं काहीतरी. आत बाथरूममधून आवाज आला. मला वाटलं, बादली पडली. आई कपडे धूत होती, बादली पडणं यात विशेष काही नव्हतं. मी बोलणं पूर्ण केलं. नंतर फोनमध्ये पाहिलं तेव्हा कळलं की तो आवाज आल्यानंतर मी चार मिनिटं बोलत होते. आई ओल्या फरशीवर एका कुशीवर पडली होती आणि हाक मारण्याइतका श्वास तिच्यात नव्हता. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, नवव्या दिवशी फुप्फुसात गुठळी अडकली आणि आई गेली. त्या चार मिनिटांनी काही फरक पडला नसता असं सगळे डॉक्टर म्हणतील. मी कुणाला विचारलं नाही, कारण मी कुणाला सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर तीन महिन्यांनी बाबांना झटका आला. तेव्हापासून मी घरातला प्रत्येक आवाज ऐकते.

तर मी घर शांत केलं. दारावरच्या घंटीची वायर काढली. टीव्ही बाबा बसलेले असतानाच लागायचा. फोन मुका. शेजारच्या काकू खिडकीतून “काय मास्तर, कसं काय?” असं ओरडायच्या, त्यांना जाऊन सांगितलं की ते उभे असताना हाक मारू नका. त्या जरा नाराज झाल्या, पण थांबल्या. बाबा खुर्चीतून उठले की मी बोलणं अर्ध्यावर तोडायचे. त्यांनी काही विचारलं तर तोंडावर बोट ठेवायचे.

“अगं, मी काय परीक्षेला बसलोय?” ते म्हणायचे.

“आधी बसा. मग बोला.”

“बसून बोलायला मी काय पुढारी आहे?”

आणि मी त्यांच्या मागे चालायचे. दोन पावलांवर, हात किंचित पुढे, कुठल्याही क्षणी काखेत घालता येतील असे. माझ्या पावलांच्या आवाजाने त्यांचं लक्ष जाऊ नये म्हणून चपला काढल्या आणि जाड करडे मोजे घातले. आवाज न करता चालणं मला येतं. बावीस वर्षं पुस्तकांच्या कपाटांमधून, वाचणाऱ्यांच्या पाठीमागून चालले आहे. मी आले-गेलेलं कुणाला कळत नाही अशी माझी ख्याती आहे. बाबा स्वयंपाकघरात जात, मी मागे. बाथरूमच्या दारापर्यंत, मी मागे. फक्त त्यांचा पाय जरा वाकडा पडला की माझ्या तोंडून आत ओढलेला एक श्वास निघायचा. तो मला आवरता येत नसे. आई गाडीत मागच्या सीटवर बसायची तेव्हा अगदी असाच श्वास घ्यायची. बाबा मला मोटार शिकवत होते त्या उन्हाळ्यात आई रोज हौसेने मागे बसली आणि मी रोज तो श्वास ऐकला. मला गाडी आली नाही ती नाहीच.

दोन आठवड्यांत बाबा सुधारायला हवे होते. उलट ते अधिक सावकाश झाले. पावलं आखूड पडू लागली. स्वयंपाकघरापर्यंत जाताना मधे थांबायला लागले, मान किंचित तिरकी करून, काहीतरी ऐकत असल्यासारखे. मी ते एका वहीत तारीख-वेळेसकट लिहून ठेवायचे.

दुसऱ्या भेटीला मी वही घेऊन गेले. टोपी बसली, फडकं बांधलं गेलं. टोपीवाली पडद्याकडे तोंड करून बसली, फिजिओ पट्टा धरून बाबांच्या डाव्या बाजूला आला. या वेळी मी खुर्चीकडे फिरकले नाही. बूट दाराशी काढले आणि बाबांच्या मागे, माझ्या जागी उभी राहिले.

नुसतं चालायचं होतं. काठी, डावा, उजवा. बारा मीटरला मागच्यापेक्षा नऊ सेकंद जास्त लागले. टोपीवालीने पुन्हा चालायला सांगितलं. मग एक पट्टी सैल आहे का ते पाहिलं, आणि तिसऱ्यांदा चालायला सांगितलं.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही. बघते मी.” ती पडद्याकडेच बघत होती. “काका, औषधं बदललीत का?”

“तीच आहेत.”

“झोप?”

“झोपेत मी पहिला नंबर आहे.”

तिने मला पडदा दाखवला. मागच्या भेटीत नुसतं चालताना लाल रेघ थोडी चढून स्थिरावली होती. आज ती चढत गेली होती आणि खाली आलीच नव्हती. “मागच्या वेळी वजाबाकी करताना जेवढी होती,” ती हळू म्हणाली, “आज त्याहून वर आहे. आणि आज वजाबाकी दिलेलीच नाही.”

मी शोधनिबंधांत वाचलं होतं की मेंदूचा एक भाग निकामी झाला की पुढचा भाग त्याचं काम अंगावर घेतो. म्हणजे आणखी काहीतरी निकामी झालं होतं.

“दुसरा झटका?” मी विचारलं. मी ते बाबांसमोर विचारलं.

“ताई, हे यंत्र निदानासाठी नाही,” टोपीवाली म्हणाली. तिचा आवाज मात्र आधीसारखा नव्हता. “पण वेगही कमी झालाय, तेव्हा डॉक्टरांच्या कानावर घालते.”

बाबा खुर्चीत बसले होते, काळं फडकं अजून डोक्यावर. त्यांनी माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, शब्द सापडत नाही. मी वहीत तेही लिहिलं.

स्कॅनची तारीख चार दिवसांनंतरची मिळाली. त्या चार दिवसांचं काय सांगू. दर तासाला मी त्यांना हात वर करायला लावत होते, हसायला सांगत होते, ओठ एका बाजूला झुकतात का बघत होते. “हसू कशावर?” ते विचारायचे. ते अंघोळीला गेले की मी दाराला कान लावून बसायचे. पाण्याचा आवाज थांबला की माझा श्वास थांबायचा; तांब्या घंगाळ्यावर वाजला की सुटायचा. मी मोजायला लागले. दोन आवाजांच्या मधे वीस आकडे झाले तर दार उघडायचं असं ठरवलं होतं. एकदा एकोणीसपर्यंत गेले. एकदा तर दार उघडलंच, आणि साबण लावलेले बाबा मला म्हणाले, “आता टोपी इथेही बसवणार का?” मी दार ओढून घेतलं आणि तिथेच फरशीवर बसले. ती फरशी आता कोरडी असते. मी दिवसातून सहा वेळा पुसते.

स्कॅन स्वच्छ आला. जुनी जखम तेवढीच, नवीन काही नाही. डॉक्टर म्हणाले, छान आहे. मला बरं वाटायला हवं होतं. पण मग ती रेघ कशाची होती? कारण माहीत असलेल्या भीतीला निदान तोंड तरी असतं.

तिसऱ्या भेटीला टोपीवालीने टोपी लगेच बाहेर काढली नाही. आम्हाला पडद्यासमोर बसवलं. “मागच्या वेळचं चित्रण मी पुन्हा पाहिलं,” ती म्हणाली. “मी नेहमी फक्त काकांची पावलं मोजते. परवा सगळंच बघितलं.”

जमिनीलगतचं ते चित्र. पिवळी पट्टी. बाबांचे बूट आणि काठीचं रबरी टोक. शेजारी फिजिओचे पांढरे बूट. आणि त्यांच्या मागे, दोन पावलांवर, करडे मोजे घातलेले दोन पाय. ते कुठेच टेकल्यासारखे वाटत नव्हते. बाबांचा पाय थांबला की ते थांबत, हलला की हलत. ते पाय कुणाचे आहेत ते ओळखायला मला एक क्षण लागला. मला ते पाय बघून भीती वाटली.

“आता हे बघा,” टोपीवाली म्हणाली, आणि तिने चित्र एका ठिकाणी थांबवलं. बाबांची टाच वाकडी झाली होती. किंचितशी, मागे वळू बघणाऱ्या माणसाची होते तशी. “असं बारा मीटरमध्ये सात वेळा झालंय. काका, तुम्ही चालताना काय करत होता?”

बाबांनी काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले.

“ऐकत होतो,” ते म्हणाले.

“काय?”

“ही कुठे आहे ते.” त्यांनी मान माझ्याकडे केली, पण बोलले तिच्याशी. “चपला घालून चालली असती तर कळलं असतं. मोज्यांत काय कळणार? मग शोधावं लागतं. श्वास ऐकला की समजतं, आहे. आणि मग वाटतं, आता पाय नीट टाकला पाहिजे, नाहीतर ही पुन्हा तसा श्वास घेईल.”

“मग सांगितलं का नाहीत?” मी विचारलं.

“चालताना तू बोलू देत नाहीस. बसलो की तू वही उघडतेस,” ते म्हणाले. “शिकणाऱ्याला एकदा कळलं की मास्तरचा पाय ब्रेकवर टेकलाय, की तो रस्ता बघायचा बंद होतो. माझा पाय बघत चालवतो. एकतीस वर्षांत मी एक गोष्ट शिकलो, पाय ब्रेकच्या वर धरायचा, टेकवायचा नाही, आणि तोंडाने हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. मांडी भरून यायची माझी.”

फिजिओ पहिल्यांदाच आपणहून बोलला. “चूक माझीही आहे. मला दिसत होत्या त्या. मला वाटलं, घरचं माणूस आहे, राहू दे.”

“ताई,” टोपीवाली म्हणाली, “आज तुम्ही बाहेर बसाल?”

बाहेर बाकडं होतं, पण मी उभीच राहिले. दाराला दुधी काच होती. तिच्यातून रंग दिसत होते, आकार नाही. टोपी बसेपर्यंतची पंचवीस मिनिटं मी बुटांच्या नाड्या सोडत आणि बांधत होते. मग ऐकू आलं. काठी, डावा, उजवा. काठी, डावा, उजवा. मधेच बाबांचा आवाज, आकडा कळला नाही. मग पावलं थांबली. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन. आत कुणीच काही बोलत नव्हतं. सहा, सात. माझा हात दाराच्या मुठीवर होता आणि मला स्पष्ट कळत होतं की मी दार उघडलं तर त्या आवाजानेच ते पडू शकतील. उघडलं नाही तर मी पुन्हा एकदा दाराच्या या बाजूला असेन. नऊ. दहा.

अकरावर काठी वाजली.

रेघ खाली आली होती. पहिल्या भेटीपेक्षाही थोडी खाली. वजाबाकी करताना त्यांनी दोन उत्तरं चालता चालता दिली, तिसऱ्याला थांबले, विचार केला, मग निघाले. “थांबायचं त्यांनी ठरवलं,” फिजिओ म्हणाला. “हे चांगलं.” तरी त्याने होकार दिला नाही. घरी एक दिवस करून बघा, म्हणाला. तुम्ही एका खोलीत खुर्चीवर, ते त्यांचं त्यांचं. उठायचं नाही. “आणि गप्प राहू नका. इतरांशी बोलता तसं बोला. घरात आवाज असतातच, त्यांना सवय हवी.”

“आणि ते पडले तर?”

“पडले तर हाक मारतील. उठायचं कसं ते मी शिकवलंय त्यांना. तुम्हालाही शिकवतो.”

रुग्णालयाच्या आवारात आम्ही बाकावर गाडीची वाट बघत बसलो. बाबा थकले होते. त्यांच्या कपाळावर पट्टीच्या दिव्यांचे गोल गोल वळ उठले होते, दोन ओळींत. तिथे मी त्यांना ते चार मिनिटांचं सांगितलं. आवाज, बादली, फोन, हरवलेलं पुस्तक. सगळं क्रमाने सांगितलं, काही गाळलं नाही.

ते बराच वेळ काठीने मातीत रेघ ओढत होते.

“मी तर घरीच नव्हतो,” शेवटी म्हणाले. “एका पोरीला रिव्हर्स शिकवत होतो. येईना तिला. वेळ संपली होती, तरी म्हटलं, अजून एकदा घे. मग अजून एकदा.” रेघ त्यांनी बुटाने पुसली. “ते पुस्तक मिळालं का?”

“मिळालं. दुसऱ्याच कपाटात होतं.”

“बरं,” बाबा म्हणाले.

करून बघायचा दिवस शनिवार होता. मी घंटीची वायर पुन्हा जोडली, रेडिओ लावला, चपला घातल्या, आणि बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले. मांडीवर पुस्तक होतं, पण मी एक ओळही वाचली नाही. बाबांनी स्वतःचा चहा केला. दोनदा चमचा वाजला, एकदा गॅस. शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, “काय मास्तर, सुटलात का?” आणि बाबा म्हणाले, “जामिनावर.” ते त्या वेळी उभे होते की बसलेले ते मला दिसत नव्हतं. मी खुर्चीचे हात धरून ठेवले होते.

दुपारी ते बाथरूमकडे निघाले. स्वयंपाकघरापासून तिथपर्यंत त्यांची एकवीस पावलं होतात. मी ऐकत होते. काठी, डावा, उजवा. आठ. बारा. उंबऱ्याशी काठी वेगळी वाजते, फरशी बदलते. सोळा.

मग आवाज आला.

तोच. प्लास्टिक आणि फरशी, आणि त्यात मिसळलेलं आणखी काहीतरी, जे मी आठ महिने पुन्हा पुन्हा ऐकत आले होते. रेडिओवर कुणीतरी बोलत राहिलं. मांडीवरचं पुस्तक खाली पडलं. मी उठले नाही. पायात बळ नव्हतं म्हणून उठले नाही की ठरवून, ते मला आजही सांगता येणार नाही. मी काही बोलले तर त्यांचं लक्ष जाईल. नाही बोलले तर मिनिटं मोजली जातील.

“बाबा,” मी म्हणाले. मग मोठ्याने, “बाबा, बादली का?”

“बादलीच,” आतून आवाज आला. “रिकामी आहे गं. पाय लागला. ही मधे कुणी ठेवली, तूच ना? फरशी पुसून पुसून…”

ते पुढेही काही बोलत होते, माझ्या सहा वेळा फरशी पुसण्याबद्दल. शब्द मला नीट कळत नव्हते, कारण मी त्यांच्या खालचं ऐकत होते. काठी, डावा, उजवा. सतरा, अठरा. ते बोलत होते आणि पावलं थांबली नव्हती.

मी खुर्चीचे हात सोडले नाहीत. एकवीस होईपर्यंत मोजलं.